तसबिरीचे अचूक माप

आजकाल पुष्कळ लोक मोबाईलवर पाहून वस्तू विकत घेतात. लाकडी फ्रेमही अशा रीतीने विकल्या जातात. दुकानात गिऱ्हाईक आपले चित्र घेऊन येते आणि फ्रेमला लावून पाहते. मोबाईलवर मात्र त्याला फक्त फोटो दिसतो. तेथे विकणाऱ्याने लिहिलेले माप हाच त्याचा आधार असतो. माप चुकले, तर चित्र बसत नाही. फ्रेम परत पाठवावी लागते. या ये-जा करण्यात काच फुटू शकते आणि विश्वासही तुटतो.

एका फ्रेमला तीन मापे असतात. पहिले, समोरून दिसणाऱ्या मोकळ्या जागेचे. दुसरे, खाचेचे. फ्रेम उलटी करून पाहा. आतल्या कडेने एक खाच दिसेल. काच, चित्र आणि पुठ्ठा तिच्यात बसतात. तिसरे माप बाहेरचे. भिंतीवर किती जागा लागेल, ते यावरून कळते.

समजा, तुम्ही ए-४ कागदावर सुंदर अक्षरांत एक आयत लिहिली. हा कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर उंच असतो. त्यासाठी खाच थोडी सैल हवी, २१.३ × ३० सेंटिमीटर असली तर बरे. खाचेची कड चारही बाजूंनी ६ मिलिमीटर असेल, तर समोरून २०.१ × २८.८ सेंटिमीटर एवढाच भाग दिसेल. म्हणून मजकूर कागदाच्या अगदी काठापर्यंत लिहू नये.

काही जण ए-४ कागदाला '८ बाय १२ इंची' म्हणतात. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. म्हणजे ८ इंच २०.३ सेंटिमीटर झाले. कागद तर २१ सेंटिमीटर रुंद! तो ८ इंची खाचेत कसा बसणार? म्हणून अंदाजाने माप लिहू नये.

आता मोजण्याची रीत पाहू. मोजपट्टीचे टोक झिजले असेल, तर १० च्या खुणेपासून मोजा आणि आलेल्या आकड्यातून १० वजा करा. पोलादी टेपच्या टोकाचा आकडा किंचित हलतो. तो बिघाड नव्हे. आतून आणि बाहेरून दोन्ही मापे बरोबर यावीत म्हणून तो तसाच बसवतात. खाच वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा व सर्वांत लहान माप लिहा. खाचेची खोलीही मोजा.

शेवटी दोन्ही कर्ण मोजा. मराठीत 'आयत' या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. उर्दूत ज्याला मुस्ततील म्हणतात, ती आकृती. आयताचे कर्ण समान असतात, हे तुम्ही भूमितीत शिकला आहात. वरील खाचेचा प्रत्येक कर्ण सुमारे ३६.८ सेंटिमीटर भरेल. कर्ण असमान आले, तर फ्रेम तिरकी आहे असे समजावे.

लिहिताना 'रुंदी' आणि 'उंची' हे शब्द जरूर लिहा. नुसते आकडे लिहिले, तर फ्रेम उभी की आडवी हे कळत नाही. तिन्ही मापे वेगवेगळी द्या. केवळ बाहेरचे मोठे माप लिहून फ्रेम मोठी भासवणे योग्य नव्हे. मापात पाप नसावे, असे मराठीत म्हणतात. गिऱ्हाईक समोर नसले, तरी माप खरेच असले पाहिजे.