पोस्टडॉक: पैसा कुणाचा, मुदत कुणाची

पीएचडी झाल्यानंतर आणि प्राध्यापकाची किंवा शास्त्रज्ञाची कायम नोकरी मिळण्यापूर्वी, साधारण दोन-तीन वर्षांच्या मुदतीवर केल्या जाणाऱ्या संशोधनाच्या कामाला विज्ञानक्षेत्रात ‘पोस्टडॉक’ म्हणतात. ही जागा मिळवण्याची रीत विषयागणिक इतकी बदलते, की खगोलशास्त्रातील उमेदवाराच्या उपयोगी पडलेला सल्ला रेणवीय जीवशास्त्रातील उमेदवाराला बहुधा निरुपयोगी ठरतो.

खगोलशास्त्रातील भरती बरीचशी वर्षातून एकदाच होते. अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या ‘जॉब रजिस्टर’मध्ये बहुतांश जाहिराती पावसाळा सरता सरता येऊ लागतात, अर्जांची मुदत वर्ष संपेपर्यंत उलटून गेलेली असते आणि १५ फेब्रुवारीपूर्वी उमेदवाराला होकार देण्याची सक्ती करू नये, असा संकेत तेथे रूढ आहे. पुण्याच्या ‘आयुका’ किंवा ‘एनसीआरए’ या खगोलशास्त्राच्या संस्थांत उन्हाळ्यात प्रबंध पूर्ण करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला म्हणूनच आदल्या दिवाळीच्या सुमारास शिफारसपत्रांची तजवीज करावी लागते.

जीवशास्त्रात आणि रसायनशास्त्रात असे वेळापत्रक जवळजवळ नाहीच. तेथे पगार बहुधा प्रयोगशाळाप्रमुखाच्या अनुदानातून निघतो, त्यामुळे अनुदान मंजूर होईल तेव्हा जागा निर्माण होते आणि अनेकदा ती जाहिरातीआधीच ओळखीतून किंवा थेट आलेल्या पत्रातून भरली जाते. मात्र एकच मजकूर पन्नास ठिकाणी धाडला, तर उत्तराची अपेक्षा न केलेली बरी. त्या प्रयोगशाळेचा कोणता शोधनिबंध वाचला, त्यातील कोणता प्रश्न पुढे न्यायचा आहे आणि त्यासाठी कोणते तंत्र हाताशी आहे, एवढे सांगणारे एका पानाचे पत्र अधिक परिणामकारक ठरते.

दुसरा मार्ग उमेदवाराने स्वतःच्या नावावर मिळवलेल्या फेलोशिपचा. जर्मनीची हुम्बोल्ट, युरोपीय संघाची मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी आणि भारतातील दोन वर्षांची नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप या त्यांपैकी परिचित. स्वतःचा पैसा घेऊन आलेल्या संशोधकाला विषय निवडण्याची मोकळीक अधिक असते, हे खरे. तथापि या तिन्हींसाठी यजमान संशोधकाची संमती आधी लागतेच, म्हणजे ते एका पानाचे पत्र येथेही टळत नाही.

पात्रतेच्या अटी मात्र बारकाईने वाचाव्या लागतात. भारतीय फेलोशिपला सर्वसाधारण वयोमर्यादा ३५ वर्षांची आहे. क्युरी फेलोशिप वय पाहत नाही, पण पीएचडीनंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांहून अधिक चालत नाही आणि अर्जाच्या अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून जास्त वास्तव्य झालेले असू नये. प्रबंध सादर करून पदवीची वाट पाहणाऱ्याला भारतीय फेलोशिपसाठी अर्ज करता येतो, क्युरीसाठी मात्र अंतिम तारखेपर्यंत मौखिक परीक्षा यशस्वीपणे पार पडलेली असावी लागते. ही तारीख सहसा सप्टेंबरात येते, आणि विद्यापीठाला बहिःस्थ परीक्षकांचे अहवाल मिळण्यास विलंब लागून तोंडी परीक्षा ऑक्टोबरात गेली, तर उमेदवाराचे आख्खे वर्ष जाते.