अर्जातील तिसरा रकाना

जानेवारी २०२१ मध्ये जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुक या गावची ग्रामपंचायत निवडणूक झाली. स्त्रियांसाठी राखीव असलेल्या जागेसाठी अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराने अर्ज भरला आणि निवडणूक अधिकाऱ्याने तो फेटाळला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो निर्णय फिरविला; पुढे आयुष्यात कधी पुरुष म्हणून लाभ मागावयाचा नाही, एवढी अट तेवढी घातली. उमेदवार उभी राहिली आणि निवडून आली. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात तरंगफळ येथे त्याआधी २०१७ मध्येच ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला गावकऱ्यांनी सरपंचपदी बसविले होते. खेडे मागासलेले आणि कागद पुरोगामी, असा जो आपला समज आहे त्याला ही दोन गावे छेद देतात. भादलीत अडले ते गावकीपाशी नव्हे, टेबलापाशी.

त्या अधिकाऱ्याला खलनायक ठरविण्याचे कारण नाही. दोन रकान्यांच्या अर्जावर ज्याने नोकरी काढली, त्याला तिसरा माणूस समोर आला की चूक अर्जाची नसून माणसाची वाटू लागते. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी हा प्रश्न निकालात काढला होता. आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ज्याचे त्याने ठरवावयाचे, त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही, आणि या वर्गास सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून राखीव जागा द्याव्यात, असे न्यायमूर्ती राधाकृष्णन व न्यायमूर्ती सिक्री यांनी सांगितले. तरीही २०२२ च्या अखेरीस महाराष्ट्रातील पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा रकाना नव्हताच. प्रशासकीय न्यायाधिकरणाने तो ठेवण्यास सांगितले, तर सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले! तेथे कानउघाडणी झाल्यावर रकाना आला आणि शारीरिक चाचणीचे निकष ठरविण्याचे आश्वासनही आले. आठ वर्षांपूर्वीचा निकाल एका अर्जापर्यंत पोहोचण्यास दोन उमेदवारांना न्यायालयाची पायरी चढावी लागली.

पण भरतीच्या अर्जापर्यंत पोहोचणारे मुळात किती? २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या सदरात देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली. देशाचे साक्षरतेचे प्रमाण ७४ टक्के असताना या सदरातील प्रमाण ५६ टक्क्यांच्या आसपास होते. ही तूट कोठे पडते हे शाळेत शिकविणाऱ्यांना सांगावयास नको. चालण्या-बोलण्यात वेगळा वाटणारा मुलगा पाचवी-सहावीत ‘बायल्या’ होतो. मधल्या सुट्टीत मुतारीकडे जाणे ही त्याला शिक्षा वाटू लागते, आणि हजेरी घेताना वर्गात हशा पिकला तर गुरुजीही पुष्कळदा हसू दाबीत पुढचे नाव घेतात. आठवीनंतर त्याचे नाव पटावरून गळते. घरी बहिणीचे लग्न जमावयाचे असते. तेव्हा मार किंवा घर सोडणे, एवढेच उरते.

घर सोडलेल्याला आधार मिळतो तो गुरूच्या घरात. तेथे नवे नाव, नवी नाती आणि डोक्यावर छप्पर मिळते. कमाईतील वाटाही द्यावा लागतो. या व्यवस्थेत जाच नाही असे नव्हे. पण जन्मदात्यांनी टाकलेल्याला दोन वेळचे जेवण घालणारी दुसरी संस्था समाजाने उभी केलेली नाही, हेही तितकेच खरे. मग सिग्नलपाशी टाळी ऐकू आली की, धडधाकट असून कामधंदा का करीत नाहीत, हा सवाल मोटारीची काच वर करता करता विचारला जातो. बारशाला त्यांचा आशीर्वाद चालतो. अनामत रोख मोजली तरी भाड्याने खोली मिळत नाही. बालगंधर्वांच्या नऊवारीची नक्कल घरोघर करणारा हा समाज. रंगभूमीवरचा अभिनय आणि अंतरीची ओळख या गोष्टी वेगळ्या हे मान्य. पण पुरुषाच्या अंगावरचे लुगडे या समाजाला मुळातच असह्य होते, असे काही म्हणता येणार नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मात्र नोंद झालेल्या हिजड्याने स्त्रीवेषात रस्त्यावर येणे गुन्हा ठरविले आणि दत्तक घेण्याचा व मृत्युपत्र करण्याचा अधिकारही काढून घेतला. तो कायदा गेला, पण त्यातून आलेला संशय चौकीवर अजून भेटतो.

स्वतंत्र भारताच्या संसदेने २०१९ मध्ये या वर्गाच्या हक्करक्षणाचा कायदा केला. त्यात शिक्षण, नोकरी व निवास यांतील भेदभावास मनाई होती. राखीव जागांचा मात्र उल्लेख नव्हता. ओळख ज्याची त्याने सांगावी असे न्यायालय म्हणाले होते, कायद्याने त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचा दाखला आणला. आणि तृतीयपंथी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचारास शिक्षा ठेवली ती सहा महिने ते दोन वर्षे. स्त्रीवरील बलात्कारास त्या वेळी किमान दहा वर्षांची सक्तमजुरी होती.