धाकट्या संघांची लीग आणि दौंडचा मुलगा

दौंडच्या रेल्वे वसाहतीत किंवा शिरूरला घोडनदीच्या काठी राहणारा बारा-तेरा वर्षांचा एखादा मुलगा फुटबॉल चांगला खेळतो, असं समजा. शाळेच्या संघात आहे. पावसाळ्यात तालुक्याचे सामने होतात, संघ जिंकला तर जिल्ह्याला जातो. सामने बाद पद्धतीचे. एकदा हरलं की बूट धुऊन माळ्यावर टाकायचे, ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत. शाळांची देशातली मानाची स्पर्धा म्हणजे सुब्रतो कप. ती 1960 पासून चालू आहे, पण तिच्यातही खालच्या फेरीत हरणाऱ्याची गत हीच. वर्षाकाठी चार-पाच खरे सामने वाट्याला आले तरी पुष्कळ.

एवढ्यावर खेळाडू घडत नाही. हरल्यानंतर पुढच्याच आठवड्यात पुन्हा मैदानात उतरायला मिळालं, तर कालची चूक आज सुधारता येते. ही सोय साखळी स्पर्धेत असते, म्हणून जगभर व्यावसायिक क्लब मोठ्या संघासोबत पोरांचेही संघ ठेवतात आणि त्यांची वेगळी लीग चालते. आपल्याकडे 2007 मध्ये आय-लीग सुरू झाली आणि तिच्या पाठोपाठ कनिष्ठ गटाची स्पर्धा आली. तिचं वय आणि नाव बरेचदा बदललं. कधी वीस वर्षांखालील, कधी एकोणीस, मग अठरा. मधेच ‘एलिट लीग’. आता अखिल भारतीय फुटबॉल महासंघ तेरा, पंधरा आणि सतरा-अठरा अशा वयोगटांत स्पर्धा घेतो. आधी आसपासच्या संघांचे गट, मग त्यातून निवडलेल्यांची राष्ट्रीय फेरी. शिवाय 2022 पासून रिलायन्स फाउंडेशनची डेव्हलपमेंट लीग आहे. तिच्या पहिल्या वर्षीचे विजेते बंगळुरू आणि उपविजेते केरला ब्लास्टर्स यांची पोरं थेट इंग्लंडला खेळून आली.

क्लब हा खर्च काही निव्वळ हौसेनं करत नाहीत. आशियाई महासंघाच्या परवान्याच्या अटींत कनिष्ठ संघ असावेत, अशी अट आहे. परवाना नाही, तर वरच्या लीगचा दरवाजा बंद. म्हणजे पोरांचा संघ मोठ्या संघाला बांधलेला. आणि नेमकी इथंच मेख आहे.

पुण्याचंच बघा. पुणे एफसी हा क्लब 2007 मध्ये निघाला. देहूरोडजवळ मामुर्डीला त्यांनी निवासी अकादमी उभी केली, आणि तिथल्या मुलांनी कनिष्ठ गटाचं राष्ट्रीय विजेतेपद एकापेक्षा जास्त वेळा पुण्यात आणलं. केरळातल्या मलप्पुरमचा आशिक कुरुनियन या अकादमीतून पुढे भारतीय संघात पोचला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव आधी बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत, मग पुणे एफसीच्या मुलांत होता. 2017 मध्ये दिल्लीत सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला. मात्र 2015 मध्ये पुणे एफसीचा वरिष्ठ संघ थांबला. अकादमी पुढच्या वर्षी एफसी पुणे सिटीनं घेतली. त्या सिटीच्या पोरांनी 2018-19 ची एलिट लीग जिंकली आणि त्याच 2019 मध्ये क्लबच बंद झाला. आयएसएलमधली त्याची जागा हैदराबादला गेली. भारत एफसी एका हंगामापुरता होता, डीएसके शिवाजियन्स 2017 नंतर आय-लीगमध्ये दिसला नाही. बारा वर्षांत पुण्यातले चार व्यावसायिक क्लब आले आणि गेले. देश जिंकणारा संघ होता, त्याला खेळायला क्लब उरला नाही. यात पोरांचं कुठे चुकलं?

आता आपल्या मुलाकडे येऊ. दौंड पुण्याहून रेल्वेनं 75 किलोमीटर. शिरूरला रेल्वे नाही, नगर रस्त्यानं एसटी. मामुर्डी किंवा बालेवाडी तर पुण्याच्या पार पलीकडच्या टोकाला. शाळा करून रोज सरावाला जाणं अशक्य. म्हणजे वसतिगृह आलं, शाळा बदलणं आलं, तेराव्या वर्षी घर सोडणं आलं. निवड चाचणीत नाव लागलं की घरात पेढे वाटतात, ते वाटावेतच. पण पेढे खाताखाता वडिलांनी चार गोष्टी विचाराव्यात. मुलगा कुठल्या लीगमध्ये खेळणार आणि वर्षाला किती सामने? फी आपण भरायची की क्लब? दहावी कुठल्या शाळेतून? आणि मधेच क्लब थांबला तर मुलाला सोडपत्र किती दिवसांत मिळेल? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, तरी विचारा. कागदावर सही करताना हेही लक्षात ठेवा, की अठरा वर्षांखालील खेळाडूचा व्यावसायिक करार तीन वर्षांपेक्षा लांबीचा असू नये, असा फिफाचा नियम आहे.

गावातल्या क्लबांसाठीही एक गोष्ट. बारा ते एकवीस या वयात ज्यांनी खेळाडू घडवला, त्यांना पुढच्या क्लबनं भरपाई द्यावी, असं फिफाचे नियम परदेशी बदलीबाबत सांगतात. देशातल्या देशातही अशी व्यवस्था असावी, असा त्यांचा आग्रह आहे. पण हे सगळं नोंदीवर चालतं. सकाळी सहाला मैदानावर पोरांना पळवणाऱ्या आपल्या सरांच्या क्लबची आणि त्या पोराची नोंद महासंघाकडे नसेल, तर कागदोपत्री त्यांनी त्याला एक दिवसही शिकवलेलं नसतं.

नोंदणी ऑनलाइन होते. जन्माचा दाखला लागतो. वयाबद्दल शंका आली तर मनगटाच्या हाडांची तपासणीही होते, तेव्हा वय चोरू नका. नोंदणीनंतर मिळणारा क्रमांक मुलाचा असतो, क्लबचा नाही. क्लब बदलला किंवा बंद पडला, तरी क्रमांक तोच राहतो. आधार कार्डाच्या मागं तो लिहून ठेवलेला बरा.