गिरणीतलं पीठ, गिरणीतलं कापड

लालबाग-परळच्या घरांत एकेकाळी ‘गिरणीत गेलाय’ या उत्तराचे दोन अर्थ होते. पोरगा गेला असेल तर दळण आणायला. बाप गेला असेल तर पहिल्या पाळीला. डबाभर गहू दळणारं यंत्र आणि हजारो माणसांना कामाला लावणारा कापडाचा कारखाना, दोघांना नाव एकच. इंग्रजीतही तसंच. पिठाची ती मिल आणि कापडाचीही मिलच. पण कापूस तर कुणी दळत नाही. मग दळणाचं नाव कापडाला लागलं कसं?

गोष्ट जात्यापासून सुरू होते. लॅटिनमध्ये ‘मोला’ म्हणजे जात्याचा दगड आणि ‘मोलेरे’ म्हणजे दळणं. त्यावरून दळायच्या जागेला ‘मोलिना’. रोमनांकडून उत्तर युरोपातल्या लोकांनी पाणचक्की घेतली आणि तिच्याबरोबर तिचं नावही उचललं. तोंडातोंडी झिजत इंग्रजीत त्याचं ‘मिल’ झालं. दातांचे डॉक्टर दाढेला ‘मोलर’ म्हणतात, तोही याच घरातला शब्द. दाढ म्हणजे तोंडातलं जातंच. जर्मन भाषेत गिरणीवाल्याला म्हणतात ‘म्युलर’. ऋग्वेद छापून जगापुढे ठेवणारे मॅक्स म्युलर आडनावाने गिरणीवालेच! आणि त्याच ऋग्वेदाच्या भाषेत चिरडणं, ठेचणं या अर्थाचं ‘मृणाति’ हे जे क्रियापद आहे, तेही याच कुळातलं मानलं जातं. लॅटिन जातं आणि वैदिक क्रियापद एकमेकांचे नातलग निघावेत, याने मी अजूनही थक्क होतो.

आता कापडाकडे वळू. नदीच्या पाण्यावर फिरणारं चाक धान्य दळत होतंच. इंग्लंडमध्ये 12व्या शतकात त्या चाकाला लाकडी हातोडे जोडले गेले. चाक फिरलं की हातोडे उचलले जात आणि ओल्या लोकरी कापडावर आपटत. कुटून कुटून कापड दाट होई. तिथे धान्याचा दाणाही नव्हता, पण चाक तेच आणि पाणीही तेच, म्हणून नावही तेच राहिलं. 1771मध्ये रिचर्ड आर्कराइट यांनी क्रॉमफर्ड इथे पाण्याच्या जोरावर सूत कातणारी गिरणी उभारायला घेतली, तीही मिलच. पुढे पाण्याच्या जागी वाफ आली. चाक गेलं, नाव उरलं.

ते नाव वाफेवर स्वार होऊन मुंबईत उतरलं. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854मध्ये कंपनी काढली आणि 1856मध्ये ताडदेवला शहरातली पहिली सूतगिरणी चालू झाली. मराठीनेही दळणाचाच शब्द पुढे केला आणि परळ, लालबाग, वरळी, भायखळा यांचं मिळून ‘गिरणगाव’ झालं. भोंग्यावर इथली घरं उठायची आणि पाळीवर जेवायची. 18 जानेवारी 1982ला या गिरण्यांमध्ये संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि जमिनींवर टॉवर उठले, मॉल आले. लोअर परळच्या फिनिक्स मिलची चिमणी आज मॉलच्या आवारात उभी आहे.

या ‘मॉल’ची कुळकथा तर आणखी नवलाची. इटलीत चेंडू मोगरीने टोलवायचा एक खेळ होता, ‘पाल्लामाल्यो’. त्यातला ‘माल्यो’ म्हणजे मोगरी, लॅटिन ‘मालेउस’ म्हणजे हातोडा यावरून आलेला. 17व्या शतकात हा खेळ लंडनच्या राजघराण्यात रंगला. जिथे तो खेळत, त्या झाडांच्या रांगांमधल्या लांब वाटेला ‘मॉल’ म्हणू लागले. मग फेरफटका मारायची कुठलीही वाट मॉल झाली आणि 20व्या शतकात अमेरिकेत दुकानांमधून फिरायची जागा मॉल झाली.

भाषांच्या कुळांचा माग काढणारे अनेक अभ्यासक दळणारं ‘मोलेरे’ आणि कुटणारं ‘मालेउस’ ही एकाच प्राचीन धातूची लेकरं मानतात. त्या धातूचा अर्थ चुरा करणं. म्हणजे लोअर परळला मिल जाऊन मॉल आला, तेव्हा शब्दांच्या घरातलं एक भावंड गेलं आणि दुसरं आलं. जमीन कुणाची, पोट कुणाचं भरलं, हे प्रश्न शब्द सोडवत नाहीत. पण इथे काय चालायचं ते शब्द विसरत नाहीत, आणि म्हणून ते मला मोलाचे वाटतात.

या दोन भावंडांची मूळची कामं बघायची असतील तर उन्हाळ्यात लालबागला जा. मसाला गल्लीत वर्षाचा मसाला करून घ्यायला बायकांची गर्दी असते. भाजलेल्या मिरच्या-धण्यांवर डंख, म्हणजे कुटायचं यंत्र, धाडधाड आपटत असतो. हे ‘मालेउस’चं काम. आणि घराजवळच्या पिठाच्या गिरणीत ज्वारी-गव्हाचे डबे रांगेत असतात. हे ‘मोलेरे’चं. गिरणगावातल्या कापडाच्या गिरण्या थांबल्या. दळण आणि कांडप अजून चालू आहे.