‘र’वरून गाव सांगा!

दिवाळीची सुट्टी लागली, की चार घरची मुले एका घरी जमतात, फराळाचे डबे निम्मे होतात, आणि दुपारी तीनच्या सुमारास वडीलधाऱ्यांना प्रश्न पडतो : या फौजेला आता एका जागी बसवावयाचे कसे? उत्तर जुनेच आहे. बैठे खेळ! मात्र या खेळांकडे आपण मुलांना गुंतविण्याचे साधन एवढ्याच दृष्टीने पाहतो. मी महाविद्यालयात मराठी शिकविते. आणि तासाला जे महिनाभर गळी उतरत नाही, ते भेंड्यांत अर्ध्या तासात उतरताना मी पाहिले आहे.

गावांच्या भेंड्याच घ्या. एकाने ‘पुणे’ म्हटले. आता ‘ण’ आला. समोरचा पक्ष हातपाय गाळतो, मग कोणीतरी निवाडा देते, “‘ण’ला ‘न’ घ्या, ‘ळ’ला ‘ल’ घ्या!” मराठीत ‘ण’ आणि ‘ळ’ यांनी सहसा शब्द सुरू होत नाही, हा वर्णविचारातला नियम. पदवीच्या वर्गात तो मी फळ्यावर लिहिते तेव्हा जांभया येतात. इथे दहा वर्षांची पोर तो भांडून मिळविते.

खरी गंमत ‘र’ची. आपल्याकडे ‘पूर’ आणि ‘नगर’ यांचा एवढा सुकाळ, की चार गावे होतात न होतात तोच ‘र’ हजर. मुरलेली मुले मग ‘रोहा’ सांगत नाहीत. रावेर, राहुरी, राजापूर, रत्नागिरी ही गावे ती राखून ठेवतात. कारण ती ‘र’ने सुरू होऊन ‘र’वरच संपतात आणि पेच उलटून प्रतिपक्षाच्या गळ्यात पडतो. हे करताना गावाच्या नावाचे शेपूट वेगळे काढावे लागते, आणि “पूर म्हणजे काय हो, आत्या?” हा प्रश्न आपल्या पायांनी चालत येतो. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. त्यावर थोरांनी काय चर्चा केली ती असो. आमच्या भेंडीबहाद्दरांच्या हिशेबी ‘छ’ला एक हक्काचे गाव मिळाले आणि ‘र’चे संकट एकाने वाढले!

पत्त्यांना काही घरांत अजून नाक मुरडतात. पाच-तीन-दोन खेळणाऱ्या मुलाला मी तरी उठविणार नाही. ५२ पैकी ३० पाने, तिघांना दहा-दहा. हुकमाची किती पडली, किती बाहेर आहेत, ही वजाबाकी तो कोणी न सांगता करीत असतो.

‘नाव-गाव-फळ-फूल’ हा माझा विशेष आवडता. सर्वांनी एकच फळ लिहिले तर पाच गुण, कोणालाच न सुचलेले लिहिले तर दहा. त्यामुळे ‘प’ला पेरू-पपई सोडून मूल पपनसापर्यंत जाते. परवा ‘ट’ला सर्वांचे टरबूज, एकीचा मात्र टोमॅटो. “टोमॅटो ही भाजी!” असा गिल्ला झाला. शाळेचे विज्ञानाचे पुस्तक आले. फुलातल्या अंडाशयापासून बनते ते फळ, हे मोठ्याने वाचले गेले. सुट्टीत पाठ्यपुस्तक आपण होऊन उघडलेले मी प्रथमच पाहिले!

या खेळाचा आणखी एक गुण असा, की त्यात कोणी बाद होत नाही. संगीत खुर्चीत जो सर्वांत मंद, तोच सर्वांत आधी बाहेर; म्हणजे ज्याला खेळण्याची गरज अधिक, तोच भिंतीला टेकून बसलेला! हल्ली वाढदिवसाला ध्वनिवर्धक घेऊन येणारे जे भाडोत्री सूत्रधार असतात, त्यांचे बहुतेक खेळ याच जातीचे. धावाधाव पुष्कळ, बोलणे, आठवणे, वाद घालणे काहीच नाही.

आणि वाद घालण्यावाचून आमच्या कित्येक मुलांना मराठी यावयाची कशी? इंग्रजी माध्यमात जाणारा माझा भाचा घरात मराठी ऐकतो, पण उत्तर देतो तीन शब्दांचे. भेंड्यांना बसताना तो कोपरा धरी. मी त्याला वाचता येण्याची अट कुठेच नसलेल्या या खेळात एका बडबड्या मुलीचा जोडीदार केला. त्याचे बाबा लगेच वही-पेन्सिल घेऊन सरसावले, “शाबास! आता आलेली गावे लिहून काढ बघू.” मुलाचा चेहरा पडला. मी वही काढून घेतली आणि भाऊजींना चहा टाकायला स्वयंपाकघरात पाठविले. मुलांनी शिकलेले आपण मोजू लागलो, की त्यांना खेळाचा वास लागेनासा होतो.

दुसऱ्या दिवशी ‘द’ आला. बडबडी अडली. भाचा हळूच म्हणाला, “दादर.” एकच कल्लोळ! दादर हे गाव की मुंबईचा एक भाग? गाव नव्हे तर स्टेशनाला नाव कशाला? आणि शेवटी ‘र’ आल्यामुळे तर प्रतिपक्ष मुळीच मानेना. वाद पाऊण तास चालला, चकल्या संपल्या. आणि या सगळ्यांत सर्वांत मोठा आवाज, चुकीच्या लिंगवचनांसह, भाच्याचा होता.