डीजेची भिंत आणि गाण्याचा अंतरा

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या आसपास येथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. साधारण याच दिवसांत जुन्नर-आंबेगावच्या आपल्या वस्त्यांमध्ये १४ एप्रिलची तयारी सुरू असते. यात्रेसाठी फड ठरतो, जयंतीसाठी डीजे ठरतो. ठरवताना हल्ली दोन्हीकडे एक प्रश्न हमखास येतो : साउंड केवढा आहे? कोण गाणार आणि काय गाणार, हा प्रश्न त्यामागे लपून जातो.

डीजेवर बंदी घाला, असे सांगण्यासाठी हा लेख नाही. सांगायचे आहे ते इतकेच की संगीताची आवड आणि संगीत वाजवणाऱ्या यंत्राची आवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जयंतीच्या निमित्ताने आपण दुसरीलाच पहिली समजू लागलो आहोत. दोन्हींतला फरक ओळखायची खूण सोपी आहे. ज्याला गाणे आवडते, तो गाण्यासाठी यंत्र बदलतो. ज्याला यंत्र आवडते, तो यंत्रासाठी गाणे बदलतो.

वीणा फोडणारा राजा

संयुत्त निकायात वीणोपम सुत्त आहे. त्यात तथागतांनी एका राजाचा दृष्टांत दिला आहे. या राजाने कधी वीणा ऐकलेली नसते. एके दिवशी तो आवाज कानी पडतो आणि तो मोहून जातो. हा आवाज कशाचा, असे विचारल्यावर लोक त्याला वीणा आणून देतात. राजा म्हणतो, ही वस्तू नको, मला तो आवाज आणून द्या. लोक समजावतात की भोपळा, चामडे, दांडी, तारा आणि वाजवणाऱ्याचे प्रयत्न असे सगळे जुळून आले तरच आवाज निघतो. राजाला ते पटत नाही. तो वीणेचे तुकडे करतो, तुकड्यांचे तुकडे करतो, जाळून राख करतो. आवाज काही सापडत नाही.

हा दृष्टांत मुळात ‘मी’ आणि ‘माझे’ शोधण्याबद्दल आहे, पण यंत्राच्या मोहालाही तो लागू पडतो. आवाज वस्तूत साठवलेला नसतो. गाणारा, शब्द, वाद्य, ऐकणारा हे सगळे एकत्र आले की तो घडतो. स्पीकरच्या संख्येत गाणे शोधणारा माणूस त्या राजासारखाच आहे.

यंत्राआधीचा आवाज

नारायणगावचे नाव महाराष्ट्रभर नेले ते विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी. १९३५ साली जन्मलेल्या विठाबाईंना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आले. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने राज्य शासन आज तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. त्यांच्या आधीच्या पिढ्यांचा तमाशा ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांजेवर उभा होता. शेवटच्या माणसापर्यंत ओळ पोहोचावी म्हणून मागे उभे असलेले झीलकरी ती उचलून धरत. म्हणजे त्या काळचे ध्वनिवर्धक माणसेच होती, आणि त्यांना प्रत्येक शब्द पाठ असे.

आज मोठ्या फडांकडे ट्रक, जनरेटर, लाइट आणि साउंड असतो. त्यात गैर काही नाही, हजारो लोकांपर्यंत पोहोचायचे तर हे सगळे लागते. पण ज्या काळात साउंड वाढला त्याच काळात वगनाट्याचा वेळ घटला आणि सिनेगीतांवरचा नाच वाढला. वग म्हणजे तमाशातला शब्दांचा भाग. राजाला टोमणा, सावकाराला चपराक, गावच्या पाटलाची फजिती, हे सगळे वगात असते. जे कमी झाले ते नेमके बोलणे आहे.

अंतऱ्यात काय असते

आपल्या चळवळीने तमाशाचा हा साचा घेतला आणि त्याचे रूप पालटले. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि इतर कलावंतांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. गण-गवळणीची जागा प्रबोधनाने घेतली. पाणवठा, शिक्षण, मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडणे, हे विषय लोकांपर्यंत गाण्यातून आणि बतावणीतून गेले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांचे वर्तमानपत्र म्हणजे जलसा.

पुढे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आयुष्यभर गावोगाव फिरून गात राहिले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज कॅसेटमधून घराघरांत पोहोचले. एका वस्तीत एखादाच टेपरेकॉर्डर असायचा, तोही कधी घरघरायचा. पण घरातल्या आजीला कॅसेटची अख्खी बाजू पाठ असायची. यंत्र सामान्य होते, ऐकणे मात्र असामान्य होते.

भीमगीताची रचना पाहा. ध्रुवपद म्हणजे घोषणा. ती लक्षात राहते, तिच्यावर पाय थिरकतात. पण गाण्याचा विचार अंतऱ्यात असतो. चवदार तळे, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, नागपूरची दीक्षा हा इतिहास कवीने अंतऱ्यात ओवलेला असतो. डीजेच्या रिमिक्समध्ये काय होते? ध्रुवपद तेवढे ठेवतात, ते दहा वेळा फिरवतात, मध्ये सायरन आणि बेस भरतात आणि अंतरा कापतात. कारण अंतऱ्यात भिंत ‘हलत’ नाही. यंत्रासाठी गाणे बदलणे म्हणतात ते हेच. बाबासाहेबांचे नाव तेवढे उरते, बाबासाहेबांचे म्हणणे कापले जाते.

वॅटचे गणित

बॅनरवर वॅटचे मोठमोठे आकडे छापलेले असतात. या आकड्यांचा अर्थ समजून घेतला तर वर्गणीचे बरेच पैसे वाचतील.

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात आणि ते माप सरळ बेरजेचे नाही. शक्ती दुप्पट केली, म्हणजे १० हजार वॅटचे २० हजार वॅट केले, तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. हा फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज ‘दुप्पट मोठा’ वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी शक्ती १० पट करावी लागते. म्हणजे शेजारच्या मंडळापेक्षा दुप्पट मोठी भिंत आणली तरी ऐकणाऱ्याला दुप्पट काही मिळत नाही. दुप्पट होते ते भाडे आणि डिझेल.

आपल्या भागात या भिंतींना डॉल्बीही म्हणतात. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्याच्या तंत्रासाठी. जुन्या कॅसेट डेकवर ‘डॉल्बी’ असे बटण असायचे, ते दाबले की गोंगाट कमी होऊन गाणे स्वच्छ ऐकू यायचे. गोंगाट घटवणाऱ्या माणसाचे नाव आपण सर्वांत मोठ्या गोंगाटाला दिले आहे.

शब्द का हरवतात

भिंतीसमोर गाण्याचे बोल कळत नाहीत याला शास्त्रीय कारण आहे. बेसचा धमाका साधारण ४० ते १०० हर्ट्झच्या आसपास असतो. स, श, त, फ अशा व्यंजनांची ओळख प्रामुख्याने २ हजार हर्ट्झच्या वर असते आणि त्यांची ताकद मुळातच कमी असते. खालच्या पट्टीचा मोठा आवाज वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांना झाकून टाकतो. आवाज जितका वाढवाल तितके हे झाकणे वाढते. म्हणून ‘बोल कळत नाहीत, आवाज वाढव’ हा उपाय उलटा पडतो.

कानाचे नुकसानही याच क्रमाने होते. अमेरिकेतल्या निओश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त राहू नये. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला तो १५ मिनिटांवर येतो. भिंतीच्या अगदी पुढे १०० डेसिबल सहज ओलांडले जातात आणि मिरवणूक तासन् तास चालते. अशा आवाजाने ऐकू येणे कमी होते ते बहुधा ४ हजार हर्ट्झच्या आसपास सुरू होते. मग समोरचा बोलतोय हे कळते, पण काय बोलतोय ते कळत नाही. आधी गाण्यातले शब्द जातात, नंतर माणसांच्या बोलण्यातले. सर्वांत जास्त धोका ट्रकवर उभ्या असलेल्या ऑपरेटरला आणि खांद्यावर बसवून भिंतीजवळ नेलेल्या लहान मुलांना असतो.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सार्वजनिक जागी ध्वनिक्षेपक लावला तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज तिथल्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये.

तरुण भिंतीपुढे का उभा राहतो

इथे थांबून आपल्या तरुणांची बाजूही नीट ऐकली पाहिजे. पुण्यात १९२८ साली जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पहिली सार्वजनिक जयंती साजरी केली असे मानले जाते, तेव्हापासून मिरवणूक हा केवळ उत्सव राहिलेला नाही. ज्या रस्त्यावरून आपल्या आजोबा-पणजोबांना ताठ मानेने चालता येत नव्हते, त्याच रस्त्यावर मोठ्याने आपले नाव घेण्याचा तो दिवस आहे. हलगी वाजवणे हे कधीकाळी गावाने लादलेले जातीचे काम होते. स्पीकर कोणत्याही जातीचा नाही, पैसे दिले की तो तुमचा. मोठ्या आवाजाचे हे आकर्षण समजून न घेता तरुणांना नुसते झोडपणे योग्य नाही.

आणखी एक तक्रार रास्त आहे. लग्नाच्या वराती, गणपती आणि इतर मिरवणुकांत भिंती वाजतात तेव्हा गप्प बसणाऱ्या काहींना एप्रिलमध्येच अचानक डेसिबल आठवतात. कायदा सर्वांना सारखा लागू झाला पाहिजे.

पण आत्मसन्मानाची भाषा आणि स्पर्धेची भाषा वेगळी असते. ‘आमचाही आवाज आहे’ हा आत्मसन्मान. ‘त्यांच्यापेक्षा आमची भिंत मोठी’ ही स्पर्धा. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अभ्यासकाने १८९९ मध्येच लिहिले होते की माणसे पुष्कळदा वस्तू उपयोगासाठी घेत नाहीत, प्रतिष्ठा दाखवण्यासाठी घेतात. अशा स्पर्धेला शेवट नसतो, कारण पुढच्या वर्षी कोणाची तरी भिंत मोठी असतेच. शिवाय स्पर्धेचे पैसे वस्तीच्या खिशातून भाडे म्हणून बाहेर जातात. आवाज आपला म्हणायचा, तर तो रात्री दहाला ट्रकमध्ये भरून परत जातो.

यंत्रावर जीव लावणे हा दोष नाही. वस्तीतल्या कितीतरी मुलांनी अँप्लिफायर उघडून, वायर जोडून हे कौशल्य कमावले आहे आणि त्यावर त्यांचे घर चालते. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिथली माणसेही आपल्या यंत्रांवर जीवापाड प्रेम करत असतील. पण त्या यंत्रांची किंमत अवकाशातला किती क्षीण संकेत स्पष्ट टिपता येतो यावर ठरते. आपल्या साउंडलाही हीच कसोटी लावावी : शब्द किती स्पष्ट पोहोचतो?

मंडळांना करता येण्याजोगे

पहिले, अंदाजपत्रकाचा क्रम बदला. आधी गायक, शाहीर आणि वादकांचे मानधन ठरवा, उरलेल्या पैशांत साउंड घ्या. आपल्या तालुक्यांत गाणारी माणसे आहेत, त्यांना बोलावणारे कमी आहेत.

दुसरे, एका जागी भिंत उभारण्याऐवजी थोड्या थोड्या अंतरावर लहान स्पीकर लावा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. म्हणून एकाच ठिकाणाहून सर्वांना ऐकवायचे तर पुढच्यांचे कान जातात आणि मागच्यांना बोल कळत नाहीत. विखुरलेल्या स्पीकरांनी कमी आवाजात जास्त लोकांना स्पष्ट ऐकू येते.

तिसरे, साउंड चेकला अंतरा लावा. जो अंतरा कोणी ऐकलेला नाही असा निवडा. शेवटच्या रांगेत एका आजीला आणि एका शाळकरी मुलाला उभे करा आणि काय ऐकले ते विचारा. त्यांनी ओळ सांगितली तर साउंड चांगला. नाही सांगता आली तर बेस कमी करा.

चौथे, ऑपरेटरला कानात घालायचे इअरप्लग द्या आणि लहान मुलांना भिंतीपासून लांब ठेवा. मिरवणुकीनंतर कानात शिट्टीसारखा आवाज येत असेल तर ती कानाने दिलेली सूचना आहे. दोन-तीन दिवसांत तो थांबला नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

पाचवे, विहारात महिन्यातून एक संध्याकाळ नुसते गाणे ऐकण्यासाठी ठेवा. मोबाइल आणि एक साधा स्पीकर पुरेसा आहे. एक भीमगीत पूर्ण ऐकायचे, मग त्यातल्या प्रत्येक प्रसंगाविषयी ज्येष्ठांनी दहा मिनिटे सांगायचे. वर्षभरात बारा गाणी होतील. बारा गाण्यांचे सगळे अंतरे ज्या मुलांना पाठ असतील, ती मुले पुढच्या एप्रिलमध्ये रिमिक्सवाल्याला स्वतःच सांगतील की दादा, गाणे मधेच कापू नका, पुढे महाडचे कडवे आहे.