वाढत्या हाताचे वाद्य

वाढत्या अंगाच्या मुलाचा सदरा शिवायला टाकताना आपण शिंप्याला बजावतो, "जरा ऐसपैस बेता हं!" वाद्य घेताना मात्र हे शहाणपण आपण दुकानाच्या पायरीवर ठेवून आत शिरतो. चिरंजीवांचा हात पहिल्या कीबोर्डवर बसला, गणेशोत्सवात चार गाणी वाजली, की मोठ्या कीबोर्डची मागणी येते. दुकानदार म्हणतो, "यात पाचशे आवाज आहेत!" आणि आपण भुलतो.

वास्तविक आवाज मागाहूनही मिळतात. १९८३ साली 'मिडी' ही निरनिराळ्या कंपन्यांची सामाईक व्यवस्था आली. तेव्हापासून एका वाद्याच्या पट्ट्या दाबून दुसऱ्या यंत्रातला आवाज काढता येतो. आज हे काम घरचा संगणकही करतो. पट्ट्या मात्र घेतल्या त्याच राहतात. तेव्हा आधी त्या पाहाव्या.

पेटीत सुराचा जोर भात्यात असतो, पियानोत तो बोटात. बोट हलके पडले तर सूर मृदू, जोरात पडले तर करारी. पियानोला पट्ट्या ८८, म्हणजे सात सप्तकांहून थोड्या अधिक. साध्या कीबोर्डला बहुधा ६१, म्हणजे पाच सप्तके. ज्याला पियानोच शिकायचा आहे त्याने हातोडीच्या वजनाच्या ८८ पट्ट्या घ्याव्या. पण हे धूड सहसा दहा किलोंहून जड. जिन्यावरून रिक्षापर्यंत नेणार कोण, तेही आधीच ठरवावे! वाद्यवृंदात ऑर्गनच्या जलद जागा वाजवणाऱ्याला हलक्या ६१ पट्ट्याच सोयीच्या. दोन्ही हवे असेल तर ७३ किंवा ७६ पट्ट्यांचा मधला मार्ग आहे.

आणखी एक. पायातले पेडल दाबले की मागचे सूर रेंगाळतात. एका वेळी मोजकेच सूर धरणाऱ्या वाद्यात जुने सूर मध्येच तुटतात. १२८ सुरांची सोय असली म्हणजे पुष्कळ झाले.

एवढा खल कशासाठी? हात पुढे गेला आणि वाद्य मागे राहिले, की मूल म्हणते, "कंटाळा आला." गोडी ओसरली असे समजून आपण वाद्य माळ्यावर टाकतो. कंटाळा संगीताचा नसतो, वाद्य उत्तर देईनासे झालेले असते.

म्हणून दुकानात मुलाला एकच ओळ आधी हळुवार, मग जोरकस वाजवायला सांगा. आवाजाच्या बटणाला हात न लावता फरक ऐकू आला, तरच पाकीट काढा.